नागिणीपुढे ओढलेली रेघ

मी एकदा स्वतःच्या पोटावर बिब्ब्याने रेघ ओढून घेतली होती. छातीच्या हाडाखालून निघून बेंबीवरून थेट खाली, लाकडी पट्टी धरून, अगदी सरळ. तेव्हा माझं वय बावन्न होतं, त्यामुळे ‘लहान होते, कळत नव्हतं’ असं म्हणून सुटायचीही सोय नाही.

ज्यांच्या घरात आता बिब्बा नसतो त्यांच्यासाठी सांगते. काळं, टणक, चिंचोक्यापेक्षा थोडं मोठं बी. त्यात तापवलेली सुई टोचली की काळं तेल पाझरतं. पूर्वी धोबी त्याने कपड्यांवर खुणा करायचे. कपडा विरून जायचा, खूण जायची नाही. हे तेल कातडीला लागलं तर काहींना सोसतं आणि काहींना उततं, म्हणजे लागेल तिथे फोड येतात. माझ्या आईला उतायचं, मावशीला उतायचं, थोरल्या बहिणीला उतायचं. मलाच तेवढं उतणार नाही असं मला कशावरून वाटलं, याचं उत्तर आजही माझ्याकडे नाही.

आता रेघ कशासाठी, ते सांगते.

आमचं घर भिवंडीत आणि घराच्या मागे आमचीच लूमची शेड. सासऱ्यांच्या काळात तिथे भात पिकायचा, आमच्या काळात तिथे लूम खटखटायचे. लोडशेडिंगची वर्षं होती ती. गल्लीत कुणी घड्याळ बघत नसे. लूम थांबले की दहा वाजले, पुन्हा लागले की जेवायची वेळ झाली.

माझी मुलगी कल्याणला दिलेली आणि पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काही मी लावलेलं नाही, जगात चालत आलेलं आहे. पण आमच्या विहीणबाईंचा त्यावर डोळा होता. कल्याणला डोहाळजेवणात सगळ्या बायकांसमोर मला पुरणपोळी वाढता वाढता त्या म्हणाल्या, “विहीणबाई, तुमच्या त्या खटखटाटात बाळ झोपणार कसं हो? इथेच राहिली तर मला काही जड नाही.”

मी म्हटलं, “आमच्याकडची बाळं खटखट थांबली की उठतात.”

“हो का. म्हणजे दिवसातून तीनदा लाइट गेली की तीनदा उठणार.”

पंगत हसली. मीही हसले, आणि ती पोळी तशीच ताटात ठेवली. त्या दिवसापासून मुलीचं बाळंतपण हा माझा आणि विहीणबाईंचा सामना झाला. मुलगी पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी येणार असं ठरलं, आणि मी तयारीला लागले. बाज कसून घेतली. शेक-शेगडी काढली. डिंक, अळीव, खारीक, गोडंबी आणली. गोडंबी म्हणजे बिब्ब्याचाच आतला गर, तेव्हा सोबत मूठभर बिब्बेही डब्यात पडले. आठवडाभर खलबत्ता घेऊन अशी कुटत बसले की शेडमधला मुकादम येऊन विचारून गेला, “चाची, नवा लूम बसवलात काय?”

लाडू वळून झाले आणि दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला पाठीत आग सुरू झाली. कुटण्याने भरून आलं असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. तिसऱ्या दिवशी आरशात पाठमोरी होऊन पाहिलं, तर कण्यापासून निघून बरगडीखालून पुढे येणारा लालभडक पट्टा, त्यावर मोत्यांसारखे फोड. मी लगेच ओळखलं. माझ्या आत्याला झाली होती तशीच नागीण.

नागिणीबद्दल आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. ती कमरेला वेढा घालत जाते, आणि तिचं तोंड नि शेपटी एकमेकांना भेटली की माणूस संपला. शेपटी माझ्या कण्याशी होती. तोंड पुढे निघालं होतं. पण खरं सांगते, मरणाची भीती मला दुसऱ्या नंबरची वाटली. पहिली भीती अशी की विहीणबाईंना कळलं तर मुलगी काही भिवंडीला येत नाही.

म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. घरात आम्ही दोघंच. मुलगा नोकरीला बाहेरगावी. नवऱ्याला म्हटलं, उष्णता झाली आहे. गेरू उगाळून त्याचा लेप लावायचा, वर जुन्या लुगड्याची पट्टी बांधायची आणि हसत फिरायचं, असा कार्यक्रम सुरू झाला. दुखायचं इतकं की पदराचा वारा लागला तरी जीव जाई. कण्हायचं असेल तेव्हा मी शेडच्या बाजूच्या न्हाणीत जाऊन कण्हायची. लूम चालू असताना तिथे कुणी गळा काढला तरी ऐकू जात नाही.

नवरा एकदा माझ्या साडीवरचे गेरूचे डाग बघून म्हणाला, “काय गो, भिंत रंगवतेस का सवताला?”

रोज सकाळी मी शेडमधली कापड मोजायची टेप घेऊन नागीण मोजायची. रोज बोटभर, कधी दीड बोट पुढे. मोजणीच्या पाचव्या दिवशी तोंड बेंबीपासून दोन बोटांवर आलं. मग त्या बावन्न वर्षांच्या शहाणीला कल्पना सुचली. सीतेने रेघ ओलांडली म्हणून रामायण घडलं. ही तर नुसती नागीण, हिच्यापुढे पुसली न जाणारी रेघ ओढली तर ती ओलांडेल कशी? पुसली न जाणारी म्हटल्यावर बिब्बा. बिब्बे डब्यात होतेच. सुई तापवली, नवऱ्याची शेडमधली पट्टी आणली, आरसा भिंतीला टेकवला आणि आखलं. झाल्यावर मला इतकं समाधान वाटलं की मी दोन लाडू खाल्ले, बाळंतिणीचे.

दोन दिवस खरंच तोंड थांबलं. मी टेप ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवार तीन दिवसांवर असताना, सकाळी न्हाणीत पट्टी सोडली आणि खाली पाहिलं. आडवी नागीण होती तिथेच होती. पण तिच्यासमोर, छातीपासून ओटीपोटापर्यंत, दुसरी नागीण ताठ उभी. फोडांनी टरारलेली. माझ्या रेघेवर ती फणा काढून उभी राहिली होती.

मी किंचाळले. लूम चालूच होते, त्यामुळे काळजी नव्हती. पण नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. सगळे लूम एका दमात थांबले आणि माझी किंकाळी एकटीच गल्लीभर फिरून आली. त्यात शब्दही होते. “मेले गो आई, नागीण उभी राहिली.”

अर्ध्या मिनिटात न्हाणीच्या दाराशी नवरा, मुकादम, चार कारीगर आणि शेजारची सुईण. त्यांतले दोघे काठ्या घेऊन आले होते.

*

डॉक्टरीण माझ्या मुलीच्या वयाची होती. आमच्याच वस्तीतली, वडिलांचे लूम विकून शिकलेली. तिने मला झोपवलं, बघितलं, बॅटरी लावून पुन्हा बघितलं.

“काकी, ही आडवी नागीण मला कळली. ही उभी कोण?”

“तिने फणा काढलाय.”

“फणा इतका सरळ? आखल्यासारखा?”

मी छताकडे बघत राहिले. नवरा खुर्चीतून म्हणाला, “आमची शेडची पट्टी दोन-तीन दिस सापडत न्हाय.”

मग सगळं सांगावं लागलं. ऐकताना तिने एकदा तोंडावर हात घेतला, एकदा पाठ फिरवून औषधांचं कपाट उघडलं आणि उगीचच बंद केलं. मग म्हणाली, “काकी, शरीराच्या प्रत्येक बाजूच्या नसा वेगळ्या. उजवी नस उजव्या बाजूचा एक पट्टा सांभाळते आणि बरोबर मध्यावर येऊन संपते. नागीण त्या नसेवरून चालते. ती मध्य ओलांडत नाही. तुम्ही जिथे रेघ मारलीत तिथे ती अशीही थांबणारच होती.”

“म्हणजे रेघ बरोबर जागी पडली,” मी म्हटलं.

“रेघ बरोबर पडली. पण नागिणीने तुम्हाला जे केलं नाही ते बिब्ब्याने केलं. हे उभे फोड त्याचे.” मग विचारलं, “लहानपणी कांजण्या झाल्या होत्या?”

“झाल्या होत्या. पण त्या गेल्या.”

“गेल्या नाहीत. ही नागीण म्हणजे त्याच कांजण्या.”

हे मात्र मी ऐकून घेणार नव्हते. सात वर्षांची असताना मला कांजण्या आल्या तेव्हा आईने घरात महिनाभर फोडणी घातली नव्हती. कडुलिंबाच्या पाल्यावर निजवलं होतं. खपल्या पडल्यावर अकलोलीला नेऊन गरम कुंडाचं पाणी अंगावर घातलं, आणि तिथून वज्रेश्वरीला जाऊन देवीची खणा-नारळाने ओटी भरली, हिरव्या बांगड्या वाहिल्या आणि हात जोडून सांगितलं, बाई, आली तशी सुखाने जा. मी डॉक्टरणीला म्हटलं, “आम्ही तिला ओटी भरून, एस.टी.ने जाऊन, दारापर्यंत पोचती केली आहे. ती परत येईलच कशी?”

“देवी गेली, काकी. विषाणू राहिला. पंचेचाळीस वर्षं तुमच्या कण्याला लागून बसलाय.”

“भाडं न देता?” नवऱ्याने विचारलं.

तिने खुर्ची ओढली. लूमवाल्याची मुलगी ती, तिला कुठल्या भाषेत सांगायचं ते माहीत होतं. “विषाणू म्हणजे असा व्यापारी समजा, ज्याच्याकडे लूम नाही, सूत नाही, वीज नाही, कारीगर नाही. खिशात फक्त डिझाइनची एक पट्टी. तसा तो धड जिवंतही नाही. आणि आपलं अंग म्हणजे लाखो शेडा. एकेक पेशी एकेक शेड. हा दाराशी येतो तो वॉचमनच्या ओळखीचा सदरा घालून. वॉचमन फसतो, दार उघडतो. आत शिरला की हा लूमवर आपली पट्टी चढवतो. मग लूम तुमचे, सूत तुमचं, कारीगर तुमचे, आणि माल त्याचा. माल तरी काय, तर हुबेहूब त्याच्यासारखे आणखी व्यापारी, प्रत्येकाच्या खिशात तीच पट्टी. शेड गच्च भरते, भिंती फुटतात, आणि सगळे निघतात शेजारच्या शेडवर. तुमचा एकेक फोड म्हणजे अशा फुटलेल्या शेडा.”

“मंजे जॉबवर्क,” नवरा म्हणाला.

“जॉबवर्कमध्ये सूत तरी व्यापारी देतो, काका.”

“हां. मग ही चोरी हाय.” माझ्या दुखण्यापेक्षा त्याला ह्याचा धक्का जास्त बसला होता.

“आणि काकींकडे काय झालं, कांजण्या झाल्या तेव्हा त्यातले काही व्यापारी नसेच्या वाटेने मागे कण्यापर्यंत गेले. तिथल्या पेशींमध्ये त्यांनी लूम चालवलेच नाहीत. पट्टी कपाटात ठेवली आणि गप्प पडून राहिले. माल निघत नाही म्हटल्यावर पहारेकरी तरी काय पकडणार? रक्तातले पहारेकरी. ते इतकी वर्षं फेऱ्या घालत होते म्हणून हाही दबून होता. आता त्यांचं वय झालं, त्यात तुम्ही आठवडाभर ना झोप ना जेवण, नुसतं कुटत बसलात. त्यांना डुलकी लागली. ह्याने कपाट उघडलं आणि त्याच नसेच्या वाटेने कातडीवर आला.”

मी विचार केला, पंचेचाळीस वर्षं. माझ्या लग्नाच्या हळदीला तो होता. माझ्या दोन्ही बाळंतपणांना होता. सासूबाईंनी मला जे जे ऐकवलं ते सगळं त्याने आतून ऐकलं होतं. घरातलं इतकं जुनं माणूस आणि मी त्याला ओळखतही नव्हते.

तिने गोळ्या लिहून दिल्या. म्हणाली, “ही गोळी म्हणजे सुतासारखं दिसणारं फसवं सूत. त्याने ते विणायला घेतलं की धागा तिथेच तुटतो. पहिल्या तीन दिवसांत आला असतात तर जास्त उपयोग झाला असता.”

“असलं सूत मना पन एकानं दिलं होतं,” नवरा म्हणाला. “आख्खा कापडाचा ताका वाया.”

मी साडी सारखी करून उठले. झालं असं वाटलं. तेवढ्यात तिने पेन बंद करता करता विचारलं, “घरात कुणी गरोदर नाही ना?”

मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, “पोर येतेय रविवारी. पयली खेप.”

तिने पेन पुन्हा उघडलं. “तिला कांजण्या झाल्यात?”

इथे मला माझी आणखी एक हुशारी, तरुणपणातली, सांगायला हवी. मुलगा नऊ वर्षांचा असताना त्याला कांजण्या आल्या, तेव्हा मी चार वर्षांच्या मुलीला त्याच दिवशी चादरीत गुंडाळून अंबाडीला बहिणीकडे पोचवलं होतं. महिनाभर आणलं नाही. आणि ही हुशारी मी पुढे वीस वर्षं सांगत फिरले. डोहाळजेवणालासुद्धा सांगितली होती, विहीणबाईंनाच. आमच्या पोरीच्या अंगावर एक व्रण सापडणार नाही, म्हटलं होतं.

“नाही झाल्या,” मी म्हटलं.

“मग ती इथे यायची नाही. तुमची शेवटची खपली पडेपर्यंत नाही. तुमच्या फोडातल्या पाण्याने तिला नागीण होणार नाही, कांजण्या होतील. आणि बाळंतपणाच्या तोंडावर आईला कांजण्या म्हणजे बाळाच्या जिवावरचं. एखादीला लहानपणी नकळत होऊन गेलेल्या असतात, तिचं रक्त तपासून घेता येईल. पण रविवारची जोखीम नको.”

“ती एका खोलीत राहील, मी दुसऱ्या.”

“आणि बाळाला न्हाऊ कोण घालणार?”

बाळाला न्हाऊ घालायलाच तर तिला आणत होते.

निघताना नवऱ्याने दारातून वळून विचारलं, “डॉक्टर, लाडू पाठवले तर चालतील का? हिनं दुखायच्या आधी वळलेत.”

“खुशाल पाठवा. त्याला जिवंत शेड लागते, काका. लाडवात त्याचं काही चालत नाही.”

*

रिक्षात बसल्यापासून मी खोटं काय सांगायचं ते जुळवत होते. शेडचा पत्रा उडाला. घराला रंग काढला. नळाला पाणी नाही. नवरा ऐकत होता. शेवटी म्हणाला, “बोल काय पन. मातूर पट्टी धरून बोल, सरळ.”

घरी येऊन मी मोबाइल घेतला आणि बाजेवर बसले. कसून ठेवलेली, कोरी दोरी, वर नवी सतरंजी. विहीणबाईंनी पहिल्याच रिंगला उचलला.

“विहीणबाई, रविवारचं जरा पुढे ढकलू या म्हणते. घराला रंग काढलाय.”

“आता? पोर येणार माहीत असताना?”

“म्हणजे रंग नाही. पत्रा.”

“पत्र्याचं काय?”

मी बाजेवर हात फिरवत राहिले. विहीणबाई तिकडे वाट बघत होत्या. आत कुठेतरी माझी पोर कुणाशी तरी हसत होती, ते फोनमधून ऐकू आलं. पोटात बाळ घेऊन हसत होती, आणि तिची आई पत्र्याचं काय ते शोधत होती.

“मला नागीण झाली आहे,” मी म्हटलं. “आणि तिला कांजण्या कधी झालेल्या नाहीत. तिला पाठवू नका. मी सांगेपर्यंत पाठवू नका.”

विहीणबाई म्हणाल्या, “एक व्रण सापडणार नाही, असं तुम्ही म्हणाला होतात खरं.”

“म्हणाले होते.”

“बरं झालं सांगितलंत.” आवाज एकदम साधा झाला होता. “मी तिला दाराबाहेर सोडत नाही. इथल्या डॉक्टरांनाही विचारते. तुम्ही औषध काय घेताय? फार पसरली आहे का?”

त्या साध्या आवाजाने मी फसले आणि सगळं सांगून बसले. गेरू, टेप, रेघ, उभी नागीण.

“बिब्बा?” त्या म्हणाल्या. “पोटावर?” मग फोनवर हात ठेवल्याचा आवाज आला. हात नीट ठेवला नव्हता. कल्याणमधली हसण्याची ती पंगत मी पुन्हा ऐकली, ह्या वेळी माझी मुलगीही तीत होती.

नवरा दुसऱ्या दिवशी लाडवाचे डबे घेऊन कल्याणला गेला. त्याला लहानपणी कांजण्या झालेल्या, तरी विहीणबाईंनी त्याला दारातूनच चहा दिला. बाज मी उभी करून भिंतीला लावली. मग रोज सकाळी न्हाणीत बसून खपल्या मोजायच्या. टेपऐवजी आता खपल्या. एकोणीस. चौदा. नऊ. कांजण्यांच्या वेळी आई माझ्या खपल्या मोजायची त्याची आठवण यायची. तिने कितीही मोजल्या तरी एकजण कपाट लावून आत बसला होता, हे बिचारीला कुठे माहीत.

शेवटच्या दोन खपल्या हटून बसल्या आणि बाळ थांबायला तयार नव्हतं. मुलगी कल्याणलाच बाळंत झाली. नात. फोन आला तेव्हा लाइट गेलेली, लूम बंद, त्यामुळे नवऱ्याने शेडमध्ये ओरडून सांगितलेलं ह्या वेळीही सगळ्या गल्लीला कळलं. मुकादमाने पेढे मागितले. मी न्हाणीत जाऊन दोन खपल्यांना सासूबाईंच्या सगळ्या शिव्या दिल्या.

आठवड्याने त्या पडल्या. डॉक्टरणीने तपासून जायला मोकळीक दिली. नसेत ठणका राहिला होता, तो पुढे चार महिने राहिला. आणि रेघ राहिली होती. फोड सुकले तशी ती आधी लाल, मग तपकिरी, मग काळपट झाली. अंघोळीला दगडाने घासूनही हटेना. धोब्याची खूण ती.

कल्याणला गेले ते नवं लुगडं नेसून, पोट घट्ट आवळून. दाराशी विहीणबाई नातीला घेऊन उभ्या होत्या. बाळ गाढ झोपलं होतं, ना खटखट ना काही, आणि विहीणबाई ते मला दिसेल अशा बेताने धरून उभ्या होत्या. मागे माझी मुलगी पदर तोंडात धरून. मी ओवाळून घ्यायचीही वाट न बघता दोन्ही हात पुढे केले. विहीणबाई एक पाऊल मागे सरकल्या आणि म्हणाल्या:

“नात तुमचीच आहे, विहीणबाई, कुठे पळून जात नाही. आधी आतल्या खोलीत चला आणि पोट दाखवा. ती रेघ डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी बाळ देणार नाही.”